कापड ओढायचं नाही

मिस्त्रीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला चार महिने होत आले होते, आणि या चार महिन्यांत त्याला एकच गोष्ट हवी होती. एकट्यानं संडासला जाणं. आजारातून उठलेल्या माणसाला लोक डोंगर चढायला लावतात, समुद्र दाखवायला नेतात. मिस्त्रीला डोंगर नको होता. पलंगापासून संडासाच्या दारापर्यंत त्याच्या बायकोची अकरा पावलं भरायची. ती अकरा पावलं त्याला स्वतःच्या पायांनी हवी होती, आणि पोचल्यावर आतून कडी लावायची होती. यात कुणाला हसू येत असेल तर त्यानं आठ दिवस पलंगावर पडून भांडं मागून बघावं. हसू आपोआप जिरेल.

बायको त्याच्या खांद्याला लागायची. काखेत डोकं घालून ती त्याला उठवायची, तो सगळा भार तिच्यावर टाकायचा, आणि दोघं आंधळ्या-पांगळ्यासारखी भिंतीला घासत दारापर्यंत जायची. मग ती तिथंच उभी राहायची. दार उघडं. ती तोंड फिरवायची, पण उभी राहायची. जेव्हा तिची कंबर धरायची, तेव्हा पलंगाखालचं भांडं. मिस्त्रीनं पाणी कमी केलं. दुपारी चारनंतर घोटसुद्धा घ्यायचा नाही. "तहान नाही," म्हणायचा. बायकोला सगळं कळत होतं, पण ती तांब्या उशाशी ठेवायची आणि सकाळी भरलेलाच उचलायची.

तीस वर्षं तो कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करत होता. दीडशे मशीनं, चार रांगा. कुठल्या मशीनची सुई कधी मोडणार हे त्याला दुसऱ्या टोकाला उभं राहून आवाजावरून कळायचं. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापलीकडे कुणी वापरलं नाही. सगळे मिस्त्रीच म्हणायचे.

इस्पितळात चालायला शिकवणारं मशीन आलंय हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. माणसांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. मशीनवर होता.

मशीन होतं तळमजल्यावरच्या लांबट खोलीत. खाली सरकता पट्टा, वर लोखंडी कमान. कमानीवरून छाती-कमरेचे पट्टे लोंबायचे, त्यांत माणसाला बांधून अर्धवट उचलून धरायचं. मग दोन्ही पायांना बाहेरून लोखंडी पाय जोडायचे, मांडीला एक पट्टा, पोटरीला एक. लोखंडी पायांना कमरेपाशी आणि गुडघ्यापाशी मोटर. बटण दाबलं की लोखंडी पाय चालायला लागत आणि आतला माणूसही चालायचा. समोर एक पडदा होता, त्यावर गोल पिवळं तोंड.

मशीन चालवायची ती फिजिओबाई. काटकुळी, वय तिशीच्या आत, केसांच्या बुचड्यात खोचलेलं पेन. एका वेळी तिच्या अंगावर तीन पेशंट असायचे. एक मशीनमध्ये, एक धरून चालायच्या दोन दांड्यांमध्ये, एक भिंतीशी चेंडू दाबत बसलेला. लाखोंचं मशीन आणणाऱ्या इस्पितळाला दुसरी फिजिओ ठेवायला मात्र सुचलं नव्हतं. मशीनपाशी फोटो काढून घ्यायला साहेब लोक तीनदा येऊन गेले होते.

पहिल्या दिवशी तिनं मिस्त्रीला बांधलं, बकलं तपासली आणि म्हणाली, "काका, पाय मशीन हलवेल. पण तुम्हीही जोर लावायचा हं. तो चेहरा बघत राहा. तुमचा पाय काम करायला लागला की तो हसतो. नाही केलं तर रडतो."

मिस्त्रीनं त्या पिवळ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. चार रांगा सांभाळलेल्या माणसाला आता बालवाडीतलं चित्र शाबासकी देणार. त्यानं नजर उचलून भिंतीवरच्या घड्याळावर लावली, ती शेवटपर्यंत काढली नाही.

मशीन सुरू झालं आणि तो कान देऊन ऐकू लागला. चार मोटर, चारही साफ. कुठे घासत नव्हतं, पट्ट्याला ताण बरोबर होता. चांगल्या हातानं जोडलेलं मशीन. त्यानं अंग सैल सोडलं. आणि पाय चालले. डावा, उजवा, डावा, उजवा. तीन महिने लाकडासारखा पडलेला डावा पाय गुडघ्यात वाकत होता, पुढे जात होता, टेकत होता. काचेपलीकडे बायको उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मिस्त्रीनं तिच्याकडे बघून मान हलवली, काम झाल्यावर कारखान्यात हलवायचा तशी.

त्यानंतर आठवड्याला तीनदा, असे दहा वेळा ते गेले. इतरांच्या वेळी मशीन सारखं थांबायचं. कुणी पाय ताठ करायचा, कुणी उलटा ओढायचा, की लगेच पीं पीं वाजून सगळं बंद. मिस्त्रीच्या वेळी एकदाही वाजलं नाही.

"काका, तुम्ही माझे सगळ्यात शहाणे पेशंट," फिजिओबाई जाता जाता म्हणायची आणि चेंडूवाल्याकडे पळायची. मशीनमधून शेवटी एक चिठ्ठी निघायची. पावलं आठशे दहा. पावलं आठशे चाळीस. बायको त्या चिठ्ठ्या देव्हाऱ्यापाशी ठेवल्यासारख्या आरशाच्या कडेला खोचायची.

मेहुणा बघायला आला तेव्हा तिनं त्या दाखवल्या.

"आठशे?" मेहुणा म्हणाला. "दाजी, मी धडधाकट असून दिवसाला एवढा चालत नाही."

"तू धडधाकट आहेस हे तुला कुणी सांगितलं?" मिस्त्री म्हणाला. जीभ अजून थोडी जड होती, पण टोमण्यापुरती चालायची.

मेहुणा हसला. हसता हसता त्याचा पाय पलंगाखालच्या भांड्याला लागला. भांडं वाजलं. झाकण होतं, सांडलं काही नाही. पण मेहुण्यानं पटकन पाय मागे घेतला आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागला, आणि आठशे चाळीस पावलं तिथल्या तिथं मेली.

अकराव्या खेपेच्या आधी मोठे डॉक्टर आले. मागे दोन शिकाऊ. मिस्त्रीला मशीनमध्ये न बांधता दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. फिजिओबाईनं कमरेचा पट्टा धरला.

"चला," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रीनं उजव्या हातानं दांडी धरली, उजवा पाय पुढे टाकला आणि डाव्याची वाट बघत उभा राहिला. डावा आला नाही. त्यानं पुन्हा वाट पाहिली. पायानं आपणहून यावं अशी खरोखर वाट पाहिली. गुडघा मागे लचकला आणि फिजिओबाईनं त्याला वरच्यावर धरलं.

डॉक्टरांनी कागद चाळले. "मशीनची मदत शंभर टक्के. पेशंटचा जोर जवळजवळ शून्य. दहाही दिवस." ते फिजिओबाईकडे बघत होते. तिचे कान लाल झाले. मग ते बायकोकडे वळले. "पेशंटकडून काही प्रतिसाद नाही. मशीनसाठी रांग लागलीय. आपण आता व्हीलचेअर शिकवू. घरात दारं रुंद आहेत का?"

संडासाचं दार अरुंद होतं. त्या दारातून खुर्ची जाणार नाही हे मिस्त्रीनं कधीच डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं.

"पेशंट इथं आहे," तो म्हणाला. "त्याच्याशी बोला."

शिकाऊंपैकी एकानं खाली बघितलं. डॉक्टरांनी कागद मिटले. बोलली फिजिओबाई. "सर, चूक माझी आहे. मी मशीनची मदत कमी करायला हवी होती. कधी थांबलं नाही, म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. मला अजून चार वेळा द्या."

"चार," डॉक्टर म्हणाले. "चौथ्यानंतर याच दांड्यांमध्ये. डाव्या पायाची चार पावलं, स्वतःची. नाही जमली तर खुर्ची."

घरी आल्यावर तिनं त्याला पलंगावर टेकवलं, स्वतः समोर स्टूल ओढून बसली आणि चौकशी अधिकाऱ्यासारखी विचारू लागली.

"मला सांगा, तिथं तुम्ही नेमकं करता काय?"

"काय म्हणजे? चालतो."

"तो शून्य कुणाचा मग? शेजाऱ्याचा?"

"मला काय माहीत. मशीन पाय नेतं. मी आड येत नाही. बाकीचे मूर्ख मध्ये मध्ये जोर लावतात, मशीन बंद पाडतात. मी एकदाही पाडलं नाही."

"आड येत नाही म्हणजे?"

"अगं, अंग सैल सोडायचं. ते जिकडे नेईल तिकडे जायचं. चालत्या मशीनशी..."

तो थांबला. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून, मग पोट धरून. चार महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"हसायला काय झालं?"

"माझ्या पहिल्या आठवड्यात मी सात सुया मोडल्या होत्या, आठवतं?"

आठवत होतं. दुसऱ्या रांगेत नवी पोरगी बसली होती. बारीक, भांडखोर, आणि कापड दोन्ही हातांनी मागून ओढायची. ओढलं की सुई वाकते, दातांवर आपटते आणि मोडते. शिलाई मशीनमध्ये सुईखाली लहान लहान दात असतात, तेच कापड पुढे सरकवतात. बाईनं नुसतं दिशेला लावायचं. सातव्या सुईला मिस्त्री तिच्यावर सगळ्या रांगेदेखत ओरडला होता. मग तिनं त्याला उलट उत्तर दिलं होतं, आणि पुढे वर्षभरानं लग्न झालं.

"काय म्हणाला होतात मला?" बायकोनं विचारलं.

मिस्त्री डाव्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"बोला की. तीस वर्षं प्रत्येक नव्या पोरीला तेच शिकवलंत. झोपेतसुद्धा म्हणायचात."

"कापड ओढायचं नाही," मिस्त्री सावकाश म्हणाला. "मशीन नेईल तसं जाऊ द्यायचं."

"तुम्ही तिथं जाऊन कापड झालात," बायको म्हणाली. "दहा दिवस ते मशीन तुम्हाला शिवतंय, आणि तुम्ही कसे गुणी, एक सुई मोडू दिली नाहीत."

मिस्त्रीला राग आला. आधी तिचा, मग फिजिओबाईचा, मग त्या पिवळ्या तोंडाचा. ते दहा दिवस समोर रडत असणार आणि आपण घड्याळ बघत होतो. शेवटी राग जिथं जायला हवा तिथं गेला, आणि मग तो म्हणाला, "मग करायचं काय?"

बायको उठली. खिडकीपाशी तिची पायानं चालवायची शिलाई मशीन होती, लाकडी झाकणाखाली. चार महिने त्या झाकणावर औषधांच्या पिशव्या पडल्या होत्या. तिनं पिशव्या खाली ठेवल्या, झाकण उचललं आणि त्याला काखेत घेऊन स्टुलावर आणून बसवलं. मग वाकून त्याचा डावा पाय उचलला आणि खालच्या पायडलवर ठेवला.

"ही कोण चालवतं? मोटर आहे का हिला?"

"मला शिकवू नको."

"मग चालवा."

त्यानं उजवा पायही वर घेतला. तिनं तो चापट मारून खाली काढला. "हा नाही. याला काय येतं ते मला ठाऊक आहे."

मिस्त्रीनं डाव्या पायाला सांगितलं. काही झालं नाही. त्यानं चाकाकडे बघितलं. पडद्यावरच्या तोंडावर त्याचा विश्वास नव्हता, पण या चाकाला खोटं बोलता येत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं दात आवळले, घामानं गळा भिजला, आणि चाक बोटभर हललं. हललं आणि परत मागे आलं.

"उलटं फिरलं," बायको म्हणाली. "दोरा तुटला असता."

"फिरलं ना पण?"

"फिरलं," ती म्हणाली आणि लगेच आत निघून गेली. आत तिनं उगाचच भांडी वाजवली.

त्या दिवसापासून तो रोज सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसू लागला. पायानं चालवायच्या मशीनला नुसता जोर चालत नाही. चवडा कधी दाबायचा, टाच कधी, याची वेळ असते. चुकली की चाक उलटं जातं. हे त्याच्या डोक्याला तीस वर्षांपासून माहीत होतं, आता पायाला सांगायचं होतं. पाय आडमुठा होता. मिस्त्री त्याला शिव्या घालायचा, बायको आतून म्हणायची, "त्याला शिव्या नका देऊ, तो आधीच रुसलाय."

अकराव्या खेपेला फिजिओबाईनं मदत नव्वदवर आणली. मशीन सुरू होताच त्यानं डाव्या पायानं असा काही रेटा दिला की पीं पीं करून सगळं बंद पडलं. फिजिओबाई धावत आली.

"काय झालं काका? दुखलं?"

"नाही. वेळ चुकली. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं, पुन्हा पीं पीं. तिसऱ्यांदाही तेच. दांड्यांमधला पेशंट म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीही आमच्यात आलात." मिस्त्रीला ते ऐकून अपमान वाटायला हवा होता, पण वाटला नाही.

"बाई," तो म्हणाला, "हे मशीन फार ताकदीनं ओढतंय. माझ्यासाठी जागाच ठेवत नाही. मोटरचा जोर आणखी कमी करा."

फिजिओबाईनं बुचड्यातलं पेन काढलं. या वेळी ती चेंडूवाल्याकडे गेली नाही. "सत्तर करू?"

"करून बघा. आणि त्या तोंडावर काहीतरी टाका. ते माझ्याकडे बघतंय."

"काका, ते तुम्हाला सांगतं बरोबर चाललंय की नाही."

"मला माझे कान सांगतील."

तिनं हसून टॉवेल टाकला. मिस्त्रीनं डोळे मिटले. सत्तरवर मोटरचा आवाज बदलला होता. डाव्या गुडघ्याची मोटर कण्हत होती, उजवीची नाही. म्हणजे डावीकडे मशीनच वाहतंय. टाच टेकली की दाबायचं, चवडा सुटायच्या आत उचलायचं. त्यानं पायडल मनात धरलं. टाच. चवडा. उचल. मोटर कण्हली. टाच. चवडा. उचल. कण्हली. कितव्यांदा तरी, टाच, चवडा, उचल, आणि त्या एका पावलाला डावी मोटर हलकी झाली. उजवीसारखी.

"हे," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाला. "हे माझं होतं."

फिजिओबाईनं टॉवेलचा कोपरा उचलून बघितलं. पिवळं तोंड हसत होतं. "हो," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हाला कसं कळलं नाही?" मिस्त्री म्हणाला. मग त्यालाच ते फार झालं असं वाटलं. "तुमच्या अंगावर तीन माणसं असतात. मला एकच मशीन ऐकायचंय."

त्या दिवशी चिठ्ठीवर पावलं निघाली तीनशे दहा. मधला निम्मा वेळ मशीन बंद होतं. बायकोनं चिठ्ठी वाचली.

"कमी झाली."

"यातली चाळीस माझी आहेत," मिस्त्री म्हणाला. आरशाच्या कडेच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तिनं काढल्या आणि ही एकटी खोचली.

बाराव्या खेपेला मदत साठ. तेराव्याला पन्नास, आणि त्या दिवशी पायात असे गोळे आले की रडू फुटायची वेळ आली. चौदावी खेप झाली आणि डॉक्टर आले. तेच कागद, तेच शिकाऊ, त्याच दांड्या.

मिस्त्रीनं उजवा पाय टाकला. या वेळी त्यानं डाव्याची वाट बघितली नाही. डाव्याला नेलं. टाच नीट टेकली नाही, पाऊल फरफटलं, पण आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला गुडघा मागे लचकायला लागला, फिजिओबाईचा हात पुढे झाला. मिस्त्री म्हणाला, "थांबा," आणि ती थांबली. चवडा दाबून त्यानं गुडघा जागेवर आणला. तिसरं. मग चौथं. मग कुणी मागितलं नसताना पाचवं, कारण थांबायचं कसं ते त्याला अजून येत नव्हतं.

"छान," डॉक्टर म्हणाले. शिकाऊंकडे वळून म्हणाले, "बघा, मशीनचा गुण. उशिरा येतो, पण येतो."

"मशीनचा गुण होता तेव्हा शून्य होता," मिस्त्री म्हणाला. "मशीन चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण तुम्ही ते आणलंत आणि त्याच्यापाशी उभं राहायला माणूस दिला नाहीत. या बाईला अजून एक बाई द्या. माझ्यासारखे किती जण आत सैल पडून आठशे पावलं चालताहेत ते आधी बघा."

चेंडूवाल्याचा चेंडू खाली पडून घरंगळला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरी फिजिओ मिळाली नाही. पण मिस्त्रीच्या पुढच्या दहा खेपा मंजूर झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात मशीनपाशी पाटी लागली की मदतीचा आकडा रोज तपासावा. पाटी फिजिओबाईनं स्वतः लिहिली होती. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात जोडलं होतं, पेशंटनेसुद्धा.

त्या दहा खेपाही संपल्या. एका सकाळी, नऊच्या सुमारास, मिस्त्री पलंगाच्या कडेला उठून बसला. समोर चौपायी वॉकर. बायको भाजी निवडत होती. त्यानं तिला हाक मारली नाही. उजव्या हाताची पकड घट्ट होती, डाव्याची जेमतेम. तो उभा राहिला आणि निघाला.

बायकोनं मान वर केली, पण उठली नाही. हातातली शेंग हातातच राहिली.

तिची अकरा पावलं त्याची सव्वीस झाली. चौदाव्याला तो टेकून उभा राहिला, भिंतीशी नाही, वॉकरशी. मग पुढे. दाराशी वॉकर आडवा करून, चौकट धरून आत शिरला. खुर्ची न मावणाऱ्या त्या अरुंद दारातून तो बरोबर मावला. मग त्यानं दार लोटलं आणि कडी लावली. त्याची हाक ऐकू यावी म्हणून बायकोही कडी लावत नव्हती, आणि पाच महिने न हलल्यानं ती जाम झाली होती. जोर लावावा लागला. तोही लावला.

"कडी लावलीत?" बाहेरून बायकोचा आवाज आला, अगदी दाराशी.

"लावली."

"पडलात तर?"

"पडलो तर दार फोड. हातोडी खालच्या खणात आहे."

तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पाच महिने हाच श्वास त्यानं उघड्या दारातून ऐकला होता. मग तिची पावलं दारापासून लांब गेली. स्वयंपाकघराकडे नाही, खिडकीकडे. लाकडी झाकण उघडल्याचा आवाज आला. मग स्टूल सरकलं. आणि मग चाक फिरायला लागलं, खडखड खडखड, एका लयीत, न थांबता. ती शिवत होती. तिच्या अंगावरचा झंपर किती दिवस उसवला होता ते मिस्त्रीनं रोज बघितलं होतं.

तो कान देऊन ऐकत बसला. दर फेऱ्याला कुठंतरी एक बारीक घसरण होती. चाकाचा पट्टा सैल झाला होता. होणारच, दीड महिना त्याचा आडमुठा डावा पाय त्याच्यावर शिकला होता. बाहेर गेल्यावर कसायला हवा. त्यासाठी खिडकीपर्यंत जावं लागेल, तीही आणखी वीस-बावीस पावलं. जाऊ.

पण लगेच नाही. कडी आतून होती, शिलाई चालू होती, आणि घाई दोघांनाही नव्हती.